दोषाचे कारण : ऑपरेटर

माझा भाचा संगणकाच्या धंद्यात आहे आणि मीही एके काळी त्याच धंद्यात होते यावर त्याचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. परवा त्याने माझ्यासमोर एका नव्या मशीनवर सिस्टीम चढवली. डिस्कचे भाग कसे पाडायचे, हा प्रश्न पडद्यावर आला तेव्हा त्याने तो वाचलासुद्धा नाही. 'पुढे' दाबलं आणि चहा प्यायला लागला. मी म्हटलं, अरे, काय विचारलंय ते तरी बघ. तर म्हणाला, "मावशी, हे आता कोणी बघत नाही." चहा पिऊन तो गेला, माझं डोकं मात्र तापलेलंच राहिलं. संपादकांनी 'कामातल्या गमतीजमती' लिहा असं सुचवलं होतं. गमती आहेत, त्या सांगतेही. पण हा लेख रागातून लिहिला जातोय, हे आधीच सांगून ठेवते.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हापासून पुढची दहा-अकरा वर्षं मी ठाण्याच्या एका लहान कंपनीत युनिक्सची इंजिनियर होते. कंपनी म्हणजे वागळे इस्टेटमधला एक गाळा, सात-आठ माणसं आणि आमचे साहेब दामले. युनिक्स ही संगणकाची मूळ व्यवस्था पाहणारी सिस्टीम. एकाच मशीनला सहा-आठ पडदे आणि कळफलक जोडायचे आणि तितक्या माणसांनी एकाच वेळी काम करायचं, ही तिची खुबी. ती यायची फ्लॉपींच्या गठ्ठ्यातून. एक फ्लॉपी घालायची, ती वाचून होईपर्यंत बसून राहायचं, पडद्याने मागितली की पुढची घालायची. बघणाऱ्यांना वाटे, ही बाई नुसती बसून तबकड्या बदलते. मला चहा विचारायला येणारे लोकसुद्धा "इंजिनियर कधी येणार?" असं मलाच विचारून जात. खरं काम पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत होऊन गेलेलं असे आणि ते कोणाला दिसत नसे.

ते काम म्हणजे डिस्कची वाटणी. डिस्क एकच, पण तिच्यात आधी भिंती घालाव्या लागत. एक खोली सिस्टीमची स्वतःची. एक खोली मोकळी ठेवायची, तिला स्वॅप म्हणत. मशीनच्या डोक्यात एका वेळी मावत नाही ते काम तिथे तात्पुरतं उतरवून ठेवलं जाई. आणि एक खोली गिऱ्हाइकाच्या फायलींची. फायलींनी कितीही पसारा केला तरी तो सिस्टीमच्या खोलीत शिरू नये, एवढाच हेतू. पण या भिंती एकदा घातल्या की घातल्या. नंतर हलवायच्या म्हणजे आतलं सगळं बाहेर काढा, डिस्क कोरी करा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. म्हणून मी आधी गिऱ्हाइकाकडे जाऊन बसायचे. माणसं किती, फायली किती, केवढ्या, रोज किती वाढणार, हे विचारायचे. मग आलेखाच्या कागदावर डिस्कची पट्टी काढून पेन्सिलीने भाग पाडायचे. दामले साहेब या कागदाला माझी रांगोळी म्हणत.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वाचनालयात पुस्तकं दाखल करायची वही असते ना, तशी प्रत्येक खोलीत फायलींची एक वही असे. फाइल एका ओळीची असो नाहीतर हजार पानांची, वहीतली एक ओळ ती खाणारच. त्या ओळीला आयनोड म्हणत. वहीत ओळी किती, हे भिंती घालतानाच ठरायचं. मोठ्या फायली थोड्या असतील तर कमी ओळी पुरत, चिटुकल्या फायली ढीगभर असतील तर जास्त लागत. ओळी संपल्या की कपाटं अर्धी रिकामी असली तरी नवीन फाइल आत घेतली जात नसे. आणि तेव्हा पडद्यावर संदेश काय येई? 'जागा नाही.' ज्याने हा संदेश लिहिला त्याला भेटायची माझी फार इच्छा होती.

गिऱ्हाइकांचे मासले एकेक होते. कल्याणच्या बाजारात धान्याचे एक ठोक व्यापारी होते. त्यांना स्वॅपची मोकळी खोली बघवेना. डिस्क माझी, मग हा तुकडा तुम्ही कोणासाठी राखून ठेवलात, असं त्यांनी मला तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा मुनीमजींकरवी विचारलं. ठाण्यात दोन भावांचा छापखाना होता. भावाभावांत बोलणं नव्हतं, मशीन मात्र एकच घेतलेलं. त्यांना डिस्कचे दोन समान भाग हवे होते. धाकट्याने माझ्यामागे खुर्ची टाकून दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले आणि थोरल्याच्या भागात चार ब्लॉक जास्त दिसले म्हणून कामच थांबवलं. चार ब्लॉक म्हणजे या परिच्छेदाएवढा मजकूर. मी त्यांचे भाग अगदी सारखे करून दिले. त्यांचा मला राग आला नाही, कारण निदान त्यांनी लक्ष तरी घातलं होतं.

राग आहे तो डोंबिवलीच्या एका कारखान्याचा.

एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणारा तो कारखाना. मालक भिडे, शिकलेले, मृदू बोलणारे गृहस्थ. एक्क्याण्णव किंवा ब्याण्णव साल असेल. रंगाची प्रत्येक बॅच निघाली की तिच्या चाचण्या होत आणि प्रत्येक चाचणीची चिठ्ठी टंकलेखन करून जपून ठेवावी लागे. माल घेणारी पार्टी त्या चिठ्ठ्या बघूनच माल उचलायची. हे काम दहा-बारा वर्षं म्हात्रेबाई करत होत्या. खाडीकाठच्या गावातल्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, घरातल्या नोकरी करणाऱ्या पहिल्या बाई. कारखान्यात संगणक येणार असं कळल्यावर त्या स्वतःहून स्टेशनजवळच्या एका क्लासला जाऊन कळफलक शिकून आल्या होत्या. क्लास सुटला की घरी जाऊन स्वयंपाक.

मी भिड्यांना विचारलं, रोज किती चिठ्ठ्या निघतात. ते म्हणाले, असतील दहाएक. म्हात्रेबाईंना विचारलं. त्यांनी मागच्या महिन्याची फाइल काढून माझ्यासमोर मोजली. तीस. कधी पस्तीस. शिवाय एखादी चिठ्ठी दुरुस्त केली तर जुनीही ठेवायची, कारण पार्टी कधीकधी दोन्ही मागते. त्या कारखान्यासाठी ज्याने प्रोग्राम लिहिला होता त्याने प्रत्येक चिठ्ठीची वेगळी फाइल केली होती. म्हणजे चिटुकल्या फायली, ढीगभर. मी माझ्या कागदावर वहीच्या ओळी भरपूर वाढवून मांडल्या. बाईंच्या एका उत्तराने माझा सगळा हिशेब बदलला होता आणि ते मी त्यांना सांगितलंही. त्या लाजल्या.

मशीन दसऱ्याला सुरू करायचं ठरलं. विजय मुहूर्तावर, म्हणजे दुपारी दोन-अडीचच्या सुमारास, पहिली चिठ्ठी निघाली पाहिजे, असा भिड्यांच्या घरून निरोप होता. मी सकाळी आठला पोचले. बघते तर मशीनची पूजा आधीच झालेली. कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांबरोबर तीही उरकली होती. मॉनिटरला झेंडूचा हार, तो नेमका हवा जाते त्या जाळीवर. तो मी काढला. फ्लॉपींचा गठ्ठा ताम्हनात ठेवला होता आणि कोणीतरी भक्तिभावाने एकेका फ्लॉपीला हळदकुंकू वाहिलं होतं. त्या काळच्या मोठ्या फ्लॉपींना एक उघडी खाच असे, तिच्यातून आतली चकती दिसायची. मी रुमालाने एकेक पुसली. बहुतेकींवर कुंकू कागदी लेबलावर होतं. नऊ नंबरवर ते खाचेत गेलं होतं.

मी माझ्या कागदाप्रमाणे भिंती घातल्या, वहीच्या ओळी दिल्या, डिस्क तपासून घेतली. त्यात तासभर गेला. मग फ्लॉप्या. आठपर्यंत सुरळीत झालं. नऊ नंबर घातली आणि ड्राइव्ह खरखरला, थांबला, पुन्हा खरखरला. ती फ्लॉपी मेली होती. मधेच थांबलं की सगळं पहिल्यापासून करावं लागे. कल्याणला आमच्या एका गिऱ्हाइकाकडे तसाच संच होता. रिक्षा करून मी गेले, त्यांच्या हातापाया पडून नऊ नंबर मागितली आणि परत आले. दीड वाजून गेला होता.

तोवर दामले साहेब येऊन बसले होते, नवा सदरा, कपाळाला गंध. पडदा नऊ नंबरची फ्लॉपी मागत होता. मला क्षणभर बरंच वाटलं. मग लक्षात आलं की पहिल्या आठ त्यांनी स्वतः घातल्या होत्या. म्हणजे भिंतींचे प्रश्नही त्यांनाच विचारले गेले असणार. मी विचारलं, वाटणीचं काय केलंत? ते म्हणाले, "एंटर मारत गेलो. आपोआप होतं सगळं. तुमची रांगोळी नंतर काढू." एंटर मारलं की सिस्टीम आपल्या अंदाजाने भाग पाडते, आपल्या अंदाजाने ओळी देते. तिचा अंदाज कोणा परदेशी कचेरीतल्या लांबलचक पत्रांवर बेतलेला. डोंबिवलीतल्या चिठ्ठ्या तिला काय ठाऊक? हे मी बोलले. भिडे उंबऱ्याशी नारळ घेऊन उभे होते. दामल्यांनी माझ्या हातातून फ्लॉपी घेतली आणि ड्राइव्हमध्ये सरकवली.

मुहूर्त साधला. म्हात्रेबाईंनी पहिली चिठ्ठी टाइप केली, टाळ्या झाल्या, पेढे झाले. 'नंतर' या शब्दाचा अर्थ आमच्या धंद्यात 'कधीच नाही' असा होतो. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या भरू लागल्या आणि भरलेलं घर पाडायला कोण परवानगी देतो? मी दामल्यांना दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा ते म्हणाले, मशीन चाललंय ना, मग तुमच्या पोटात का दुखतं? त्यानंतर मी गप्प बसले. इथे माझ्या नावावर पहिला दोष लिहून घ्या.

मे महिन्यात व्हायचं तेच झालं. मोठा माल परदेशी जायचा होता आणि पार्टीचा माणूस चिठ्ठ्या तपासायला येऊन बसला होता. म्हात्रेबाई एक चिठ्ठी दुरुस्त करायला गेल्या, पडद्यावर आलं 'जागा नाही'. त्या प्रोग्रामची तऱ्हा अशी की तो आधी जुनी चिठ्ठी रिकामी करायचा आणि मग जुनी व दुरुस्त अशा दोन्ही प्रती नव्या फायलींत लिहायचा. रिकामी झाली, लिहिली गेली नाही. बाईंनी दुसरी उघडून पाहिली, तिसरी उघडून पाहिली, काय होतंय ते कळेना म्हणून पुन्हा पुन्हा साठवून पाहिलं. अकरा बॅचच्या चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या. माल अडकला. पार्टीच्या माणसाने फोनवर जे बोलायचं ते भिड्यांसमोर बसूनच बोलून घेतलं.

दामले आधी जाऊन आले. त्यांना एकच आज्ञा येत होती, किती जागा शिल्लक आहे ती दाखवणारी. डिस्क अर्धी रिकामी दिसली. लगेच निदान तयार झालं की जागा भरपूर आहे, बाईंनी चुकीची बटणं दाबली. भिडेही तेच म्हणू लागले. कारखान्यातले लोक म्हणू लागले की टाइपरायटरवाल्या बाईला मशीन द्यायलाच नको होतं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मला पाठवलं. मी दुसरी आज्ञा दिली, वहीच्या ओळी किती उरल्या ते दाखवणारी. शून्य. सगळं मिळून एक मिनिट लागलं. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, हातांची घडी घालून. त्यांना मी काहीच सांगितलं नाही. आधी साहेबांशी बोलू, असं ठरवलं.

दामले बाहेर व्हरांड्यात भेटले. मी त्यांना शून्याचा आकडा सांगितला. त्यांनी तो ऐकला, नाकारला नाही. फक्त ब्रीफकेसमधून सर्व्हिस रिपोर्ट काढला. त्यात 'दोषाचे कारण' असा रकाना असे. त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं : ऑपरेटरची चूक. खाली इंजिनियरच्या सहीची जागा मोकळी होती. ते म्हणाले, भिड्यांच्या ओळखीने एमआयडीसीत आणखी चार कारखान्यांत आपली मशीनं जाणार आहेत. आपण चुकलो असं लिहिलं तर गाळा बंद करावा लागेल, सात माणसं घरी जातील, त्यात तुम्हीही. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "तिला काय, कुठेही टायपिंग मिळेल."

मी सही केली.

तीस वर्षं मी या वाक्याला काहीबाही जोडत आले. माझ्या नवऱ्याची नोकरी तेव्हा सुटली होती, सासूबाई आजारी होत्या, सात माणसांचा प्रश्न होता. सगळं खरं आहे. सही करताना यातलं काही माझ्या मनात नव्हतं. तिथे नुसतं लवकर सुटावं असं वाटत होतं.

आता पुढचा भाग, ज्याने आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्या अकरा बॅच सावरल्या कोणी? म्हात्रेबाईंनी. संगणक आल्यापासूनही त्या रोजची प्रत्येक चिठ्ठी आधी टाइपरायटरवर काढत, कार्बन घालून, आणि मग संगणकावर भरत. कोणी सांगितलं नव्हतं. दुप्पट काम होतं म्हणून मागे एकदा भिड्यांनी त्यांना हसून टोकलंही होतं. त्या कार्बनप्रती तारीखवार दोऱ्याने बांधून त्यांच्या कपाटात होत्या. मी शनिवारी शाबूत फायली टेपवर उतरवून डिस्क कोरी केली, दसऱ्याला जशा घालायच्या होत्या तशा भिंती घातल्या, ओळी भरपूर दिल्या आणि त्या फायली परत चढवल्या. कोऱ्या झालेल्या चिठ्ठ्या बाईंनी शनिवार-रविवारीही बसून पुन्हा भरायला घेतल्या. आणि हे त्या करत होत्या ते आमच्या रिपोर्टचा हवाला देऊन कामावरून कमी केल्याचं पत्र शुक्रवारीच हातात पडलेलं असताना. एवढं काम पूर्ण करून मग जा, असं त्यांना सांगितलं होतं.

सोमवारी दुपारी शेवटची चिठ्ठी भरून झाली. पार्टीच्या माणसाने तपासून मान डोलावली आणि तो जेवायला गेला. खोलीत आम्ही दोघीच उरलो. बाईंनी कळफलकावर कापड घातलं, ते नीट केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मॅडम, एक इचारू? तुमी तवा मना इचारलेला, दिसाला किती चिठ्ठ्या निंगतान. मी तीस सांगितल्या. कमी सांगितल्या का मी? त्याच्यानी झाला का ह्यो सगला?"

तीन दिवस त्या मुकाट्याने काम करत होत्या ते यासाठी. त्यांनी स्वतःच स्वतःला दोषी धरलं होतं आणि तेही बटणासाठी नव्हे. मला दिलेलं उत्तर चुकलं असेल, एवढ्यासाठी.

मी म्हटलं, "नाही हो. तुम्ही अगदी बरोबर सांगितलं होतं. आम्ही तसं केलं नाही."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग कागदावर तसा का नाय लिवला?"

आवाज चढलेला नव्हता. एखादी चिठ्ठी तपासताना आकडा विचारावा तसं विचारलं. मी उठले आणि सरळ भिड्यांच्या केबिनमध्ये गेले. दामल्यांना विचारलं नाही, 'बसा' म्हणण्याचीही वाट पाहिली नाही. दसऱ्यापासून सगळं सांगितलं. कुंकू, नऊ नंबर, एंटर, वहीच्या ओळी, शून्य. रिपोर्टवरची माझी सही खोटी आहे, तो कागद द्या, मी नवा लिहून देते, असंही म्हणाले. भिडे शांतपणे ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

"गद्रेबाई," ते म्हणाले, "मला हे शुक्रवारीच कळलं. दामल्यांनीच फोन करून सांगितलं. पण पार्टीला पत्र द्यायचं होतं, चूक कोणाची आणि आम्ही काय कारवाई केली. त्यात नाव लागतं. मशीनचं नाव घालून चालत नाही, तुमच्या कंपनीचं घातलं तर मी असली कंपनी का निवडली, असं विचारतील. पत्र गेलंय. सोबत तुमच्या रिपोर्टची प्रत जोडली आहे."

मी म्हटलं, मग निदान बाईंना तरी सांगा की त्यांची चूक नव्हती. भिडे म्हणाले, आता सांगून काय उपयोग, उगाच वाद वाढेल. त्यांच्या चेहऱ्यावर दुष्टपणा वगैरे काही नव्हता. एक काम मार्गी लागल्याचं समाधान होतं. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही, पण बाहेरच्या शिपायाने दार उघडून आत बघितलं एवढं आठवतं.

परत आले तर खोली रिकामी होती. कार्बनप्रतींचे गठ्ठे टेबलावर रचून ठेवलेले, वर महिन्यांच्या चिठ्ठ्या खोचलेल्या, पुढच्या माणसाला सापडावेत म्हणून. मी गेटपर्यंत धावले. वॉचमन म्हणाला, बाई गेल्या, त्यांची पिशवी तपासून सोडली. त्यांच्या गावाचं नाव मला ठाऊक होतं. डोंबिवलीतल्या माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. मी गेले नाही. त्या महिन्यात नाही, त्या वर्षी नाही, पुढेही नाही. जाऊन काय सांगणार होते? की साहेबांना ठाऊक होतं, मालकांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि एका त्यांनाच कोणी सांगायचं नाही असं ठरलं होतं?

मी त्या कंपनीत आणखी सात वर्षं होते. एमआयडीसीतल्या चारही कारखान्यांत मशीनं गेली आणि चारही मीच लावली. पत्राला एक नाव हवं होतं, ते त्यांनी बाईंचं घातलं. पण नुसत्या नावावर पार्टीचा विश्वास बसला नसता. त्यासाठी एका इंजिनियरची सही लागली, आणि ती माझ्या अक्षरात आहे.